ऑफ झाला म्हणजे काय?

आमच्या ह्यांना इंग्रजीतल्या मोठ्या शब्दांचं काडीचं कौतुक नाही. खूळ आहे ते बारक्या शब्दांचं. इन, ऑन, ॲट, अप, ऑफ. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलेलं, इंग्रजीचा मास्तर म्हणजे फाडफाड बोलत असेल. कसलं काय! एक वाक्य बोलायला घेतलं की मध्येच थांबणार, वर बघणार आणि स्वतःलाच विचारणार, "इथे टू बरा, की फॉर?" तोवर समोरचा माणूस आपल्या घरी जाऊन जेवून आला असता.

हे खूळ त्यांच्या बापसाकडून आलेलं. माझे सासरे मुंबईला गोदीत ओझी उचलायचे. लांज्याकडचं आमचं गाव, तिथून तेव्हा सगळे पुरुष मुंबईलाच जायचे. सासऱ्यांना अक्षर येत नव्हतं. एका पेटीवर मोठ्या अक्षरात 'धिस साइड अप' लिहिलेलं आणि सासऱ्यांनी ती नेमकी उलटी ठेवली. आत काचसामान. मुकादमाने चारचौघांत त्यांचा जो पाणउतारा केला, तो ते मरेपर्यंत विसरले नाहीत. सुट्टीवर गावी आले तेव्हा पोराला पुढ्यात बसवून म्हणाले, "सख्या, मोठे शब्द कोणीपण शिकेल. तू हा बारका अप शिक. माझा घात ह्यानेच केला." झालं! सख्या तो शिकला तो शिकलाच. सखाराम मोहिते, बीए बीएड, रत्नागिरीतल्या हायस्कुलात जन्मभर इंग्रजी. आता निवृत्त, पण मांडवीच्या आमच्या गल्लीत कोणी चुकीचा शब्द बोलला तर ह्यांच्या कपाळावर आठी पडते. मीठ जास्त झालेलं चालतं, पण अव्यय चुकलेलं चालत नाही.

एकदा एक पालक मोठ्या अभिमानाने सांगत होता, "सर, आमचा पोरगा हार्डली अभ्यास करतो." हे म्हणाले, "माहीत आहे मला." तो बिचारा खूश होऊन गेला. मागाहून मी विचारलं तेव्हा हसत हसत म्हणाले, "अगं, हार्ड म्हणजे कसून. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. एकाच घरातले दोघे, पण एक राबतो आणि दुसरा लोळतो. बापाने चुकून खरं सांगितलं." लेट आणि लेटलीचंही तसंच. मी एकदा म्हटलं, आज एसटी फार लेटली आली, तर त्या दिवशी जेवण होईपर्यंत मला शिकवणी, लेटली म्हणजे हल्ली म्हणून.

पण सगळ्यांत जीव ऑफवर. आपल्या तोंडात दोन्ही ऑफ सारखेच येतात, ह्यांच्या लेखी ते सख्खे वैरी. "एक एफवाला जोडतो, दोन एफवाला तोडतो," हे त्यांचं वाक्य शिकवणीच्या पोरांना झोपेत उठवून विचारलं तरी येतं. "पहिल्याला चा-ची-चे म्हणा. कप ऑफ टी, चहाचा कप. दुसऱ्याला वरून म्हणा. फेल ऑफ द ट्री, झाडावरून पडला. आणि पुढे नाम नसेल, नुसताच मागे लटकत असेल, तर तो क्रियाविशेषण. पंखा ऑफ."

आता आपल्याकडे माणूस गेला की सरळ म्हणतात, ऑफ झाला. मुंबईवाल्यांनी आणलेला शब्द, पण आता घराघरांत मुरलाय. वारला म्हणायला जीभ जड होते, ऑफ म्हटलं की जरा सोपं जातं. ह्यांना ते मुळीच खपत नाही. शेजारच्या आळीत एका म्हाताऱ्याच्या दिवसांना आम्ही गेलो होतो. म्हाताऱ्याचा जावई रडत सांगत होता, "सर, सकाळी चहा घेतला नि बाबा ऑफ झाले." हे म्हणाले, "ऑफ पंखा होतो. माणूस वारतो." मेलेल्याच्या दारात व्याकरण! मी असा चिमटा काढला की कोपर काळंनिळं पडलं. तरी घरी येताना म्हणतातच, "मी तो शब्द त्या अर्थाने मरेपर्यंत वापरणार नाही." म्हटलं, मेल्यावर तुमच्यासाठी लोक वापरतील, तेव्हा काय कराल?

आता गोदाचं सांगते. गोदा आमच्या समोरच्या घरात राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता एक पोरगा संदेश. अभ्यासात यथातथाच, पण हाताला चव. आयशीचं बघून बघून सुरमईचं कालवण असं करायचा की आपण बोटं चाटावी. कोर्स करून जहाजावर कुक म्हणून लागला. मुलाखतीचं इंग्रजी आमच्या ओट्यावर शिकला. कंपनीच्या कागदावर घरच्यांचा फोन म्हणून त्याने ह्यांचाच नंबर दिलेला, कारण गोदाला इंग्रजी येत नाही आणि तिचा साधा फोन कधी पिशवीत असतो, तर कधी तांदळाच्या डब्यावर.

जहाजावरचे शब्द संदेशने आणले आणि ह्यांना दिवाळी झाली. त्यातला एक रिलीव्हर. आपल्या जागी जो माणूस येतो तो रिलीव्हर. तो आला की आपण सुटलो. "सुनंदा, हे बघ," हे मला भाकऱ्या थापताना सांगायचे, "रिलीफ हे नाम, सुटकेचा श्वास. रिलीव्ह हे क्रियापद, सोडवणं. रिलीव्हर म्हणजे सोडवणारा. आणि रिलीव्ह्ड म्हणजे ज्याला हायसं वाटलं तो. एका आईची चार पोरं, पण चौघांचे धंदे वेगळे." मी म्हटलं, भाजी ढवळायला त्यातला एखादा पाठवून द्या.

पण गेल्या उन्हाळ्यात त्या शब्दावरचं हसू सरलं. संदेशचा करार संपला तरी त्याचा रिलीव्हर येईना. आज येतो, पुढच्या बंदरात येतो, असं करत करत मुदत वाढतच गेली. त्यात टीव्हीवर तिकडच्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाल्याच्या बातम्या. त्याचं जहाज नेमकं त्याच बाजूला. आणि मग त्याचे फोनच बंद झाले. गोदा रोज सकाळी आमच्या दारात येऊन उभी. "सर, रिलिवर आला काय हो?" देवाचं नाव घ्यावं तसा तो शब्द घ्यायची. हे रोज "येईल हो गोदावहिनी" म्हणायचे आणि ती गेली की पेपर उलटासुलटा करत बसायचे. जेवणावरून मन उडालं होतं दोघांचंही. पोर आमच्या ओट्यावर वाढलेलं, आम्हाला काय परकं होतं काय?

शेवटी गोदाला तिच्या भावाने पावसला नेलं. आंब्याचा हंगाम ऐन भरात, बागेत पेट्या भरायला हात हवेच होते. तेवढाच तिचा जीव रमेल, असा त्याचा विचार.

त्या दिवशी मी सकाळीच मासळी आणायला गेले होते. मी नसताना ह्यांना कंपनीतून फोन आला. एक साहेब घाईघाईत बोलला आणि फोन ठेवला. फोन झाला आणि हे ओट्यावर येऊन ढसाढसा रडले. आनंदाने हो! इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं. गोदाला फोन लावला तर ती उचलेना. तेवढ्यात आमच्या गल्लीतला दादू रिक्षा काढत होता, त्याला पावसचंच भाडं होतं. ह्यांनी त्याला हाक मारली. डोळे पाण्याने भरलेले, आवाज घोगरा. म्हणाले, "दादू, गोदावहिनींना एवढं सांग, संदेश ऑफ झाला. काल रिलीव्ह केलं त्याला. सुटला रे पोरगा एकदाचा!" आणि डोळे पुसत आत गेले. जन्मात जो शब्द मरणासाठी वापरणार नाही असं म्हणाले होते, तो ह्यांनी खरोखरच मरणासाठी वापरला नव्हता. पण दादूला ते काय ठाऊक?

मग ह्यांनी कपडे केले आणि मजेत वाचनालयात निघून गेले. तिथे गेले की फोन मुका करून पिशवीत टाकतात.

मी बांगडे घेऊन गल्लीत शिरले तर गोदाच्या अंगणात माणसं जमलेली. दादूची बायको दीपाली माझ्या गळ्यात पडली. "वयनी, आपला संदेश ऑफ झाला गो!" माझ्या हातातली पिशवी गळून पडली. कुठे, कसा, काहीही विचारायचं सुचलं नाही. त्या पोराला मी हाताने भरवलं होतं. पायरीवरच बसले आणि ऊर फुटेस्तोवर रडले. कोणीतरी मुंबईला नातेवाइकांना फोन लावत होतं, कोणी गोदाच्या घराची किल्ली शोधत होतं. पुरुषमाणसं हळू आवाजात बोलत होती, बॉडी तिकडून आणायला किती दिवस लागतील म्हणून. मांजर बांगडे घेऊन गेलं तरी कोणाचं लक्ष नव्हतं.

दुपार व्हायच्या सुमाराला हे आले. खांद्याला पिशवी, चेहरा कसा हसरा. गर्दी बघून पावलं मंदावली. मला रडताना बघितलं तसे धावत आले. "काय झालं? कोण गेलं?"

"संदेश," मी म्हटलं. "आपला संदेश गेला हो!"

ते माझ्या शेजारी पायरीवर मटकन बसले. "असं कसं?" म्हणाले, "सकाळी तर बरा होता. सकाळी तर मला..." चष्मा काढला आणि लहान मुलासारखे रडायला लागले. त्यांना वाटलं, सकाळच्या फोननंतर काहीतरी झालं. विमानतळावर म्हणा, रस्त्यात म्हणा. स्वतःच सोडलेली बातमी फिरून स्वतःकडे आली, तरी ह्या माणसाला ओळखू आली नाही! शिक्षणाचा उपयोग तो हा.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "कळलं कसं? फोन कोणाला आला?"

दीपाली म्हणाली, "आमच्या ह्यांनीच सांगितलं, पावसला जाताना."

"दादूला कोणी सांगितलं?"

दीपालीने डोळे पुसले. "कोणी म्हणजे? तुम्हीच की सर!"

"मी? मी कधी सांगितलं संदेश गेला म्हणून? मी सांगितलं, संदेश ऑफ झाला!"

"मग?" सगळी गल्ली एका तोंडाने म्हणाली. "मग ऑफ झाला म्हणजे काय?"

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आधी लाल, मग पांढरं. आणि मग उठून उभे राहत जोरात ओरडले, "अहो, जिवंत आहे तो! जहाजावरून उतरला! ऑफ म्हणजे जहाजावरून ऑफ!"

मला हसावं की ह्यांना बदडावं ते कळेना. रडून रडून नाक चोंदलेलं, त्यात एकदम हसू फुटलं. दीपाली मात्र कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग साइन ऑफ म्हणायचं ना सर! साइन ऑफ आम्हाला कळतं. जहाजावरची सगळी पोरं उतरली की तेच बोलतात."

"पण तो साहेब साइन ऑफ म्हणालाच नाही," हे म्हणतात कसे! "त्याचा शब्द मी का बदलू?"

"आग लागो तुमच्या त्या शब्दाला," मी म्हटलं. "गोदाचं काय ते बघा आधी! दादू तिला काय सांगून बसलाय?"

सगळ्यांचं हसू जागच्या जागी जिरलं. दीपालीने दादूला फोन लावला. तो भाट्याच्या पुलाजवळ पोचला होता. गोदाला घेऊन येत होता. दादूने तिला ऑफचं सांगितलंच नव्हतं, त्याचं धाडस झालं नाही. "संदेश जरा सिरीयस हाय, घरी चल," एवढंच म्हणाला होता. पण सिरीयस म्हटलं की आपल्याकडे माणसं काय ते समजतात. "तिला फोन दे," मी म्हटलं. दादूने दिला असावा, पण पलीकडून तिचा कोरडा आवाज आला, "माझ्या घरात गेल्याबिगर मना कायपण सांगू नका." आणि फोन बंद.

रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा आम्ही सगळे तिच्या दारात उभे. आता विचार करा, बाईने काय बघितलं? दारात गाव जमलेला, सगळ्यांचे डोळे सुजलेले. गोदा रिक्षातून उतरली, दोन पावलं चालली आणि अंगणात खाली बसली. साडीला आंब्याच्या पेटीतला पेंढा चिकटलेला. रडली नाही, ओरडली नाही. जमिनीकडे बघत राहिली.

हे पुढे झाले. "गोदावहिनी," म्हणाले, "थोडा घोटाळा झाला. ऑफ हे इथे..."

मी त्यांना बाजूला सारलं. "गोदा, बाय माझी, इकडे बघ. संदेश जिता हाय. त्याला काही झालेलं नाही. जहाजावरून उतरलाय तो."

तिने मान वर केली. "वयनी, मना फसवू नका. आमचे हे मरायच्या दिवशी पण हॉस्पिटलात तुम्ही असंच बोललेलात, बरं हाय म्हणून."

तसं मी तेव्हा बोलले होते खरी. आपण सगळेच बोलतो. आधी म्हणायचं बरं आहे, मग म्हणायचं जरा सिरीयस आहे, आणि मग एकदम घरात रडारड. खरी बातमी आणायची रीतच आपण ठेवलेली नाही, मग खरं बोललं तरी विश्वास कोण ठेवणार?

ती ह्यांच्याकडे वळली. "सर, तुम्ही खोटा शब्द कधी बोलत नाय. तुम्ही सांगा. तो कंपनीवाला काय बोलला? त्याच्या तोंडचं सांगा, इंग्लिशमधी."

हे तिच्यासमोर जमिनीवर बसले. डोळे मिटून, आठवून आठवून म्हणाले, "संदेश इज ऑफ द व्हेसल. हिज रिलीव्हर जॉइन्ड येस्टरडे."

"आता अर्थ सांगा."

"ऑफच्या पुढे व्हेसल आहे. व्हेसल म्हणजे जहाज. म्हणजे ऑफ इथे शब्दयोगी अव्यय. जहाजावरून. संदेश जहाजावर नाही, खाली उतरला."

"खाली म्हणजे पाण्यात?"

ह्यांनी डोळे उघडले. "नाही नाही. पाण्यात कशाला? बंदरात, धक्क्यावर."

"धक्का बोलला काय तो?"

"धक्का असं नाही बोलला. पण..." आणि ह्यांच्या कपाळावर घाम फुटलेला मी बघितला. जन्मभर पोरांना शिकवलं की ऑफ म्हणजे वरून. वरून कुठे, हे तो शब्द सांगतच नाही, हे ह्यांना त्या बाईने अंगणात बसून दाखवलं.

ते सावरून म्हणाले, "वहिनी, पुढचं वाक्य ऐका. त्याचा रिलीव्हर काल आला. त्याच्या जागी दुसरा माणूस आला."

"एक माणूस गेला की त्याच्या जागी दुसरा येतोच की सर," गोदा म्हणाली. "जेवण थांबत नाय कोणाचं."

"नाही हो, रिलीव्ह म्हणजे सोडवणं. त्याला सोडवला. तो सुटला."

"सुटला," ती म्हणाली. "आमच्या ह्यांच्या वेळी डाक्टर पण असंच बोललेला. सुटले म्हणून."

त्या बाईच्या मनात मरण बसलं होतं, आणि ह्यांनी जो शब्द द्यावा तो उलटून तिकडेच तोंड करत होता. मलाही आता भीती वाटायला लागली. साहेब घाईत होता म्हणतात. खरंच काही दुसरं सांगत असला तर? ह्यांच्या कानाने अर्धंच ऐकलं असलं तर? ह्यांच्या डोळ्यांतही मला तेच दिसलं.

"फोन लावा त्या माणसाला," गोदा म्हणाली.

ह्यांनी पिशवीतून फोन काढला. बघितलं तर एका अनोळखी, लांबलचक परदेशी नंबरावरून मिस्ड कॉल्सची रांग लागलेली. वाचनालयात मुका केलेला फोन अजून मुकाच होता. इतक्या वेळा फोन कोण करतं? आणि कशासाठी? सगळ्यांच्या मनात तेच आलं. हे त्या नंबरावर उलट फोन लावायला गेले, तर लागेना. परत लावला, तरी लागेना. मी मनात नुसतं म्हणत होते, बाबा रे, कोणीही असो, चांगलं बोल.

आणि त्यांच्या हातातच फोन थरथरला. तोच नंबर. ह्यांनी तो उचलून कानाला लावला. "हॅलो? येस. हू इज स्पीकिंग?" त्याही वेळी व्याकरण शुद्ध! आणि पुढच्या क्षणी त्यांनी फोन गोदाच्या कानाला लावला.

"आये?" आवाज एवढा मोठा होता की शेजारी बसलेल्या मला ऐकू आला. "आये, मी. तुझा फोन का लागत नाय? सकाळपासून सरांना पण लावतोय. हॉटेलात हाय मी, उद्याचं विमान हाय माझं. आये? ऐकतेयस ना?"

गोदाने फोन कानापासून काढून समोर धरला, जणू तोंड दिसेल म्हणून. मग परत कानाला लावला. तिच्या छातीतून आधी एक लांब आवाज निघाला, आणि मग ती ओरडली, सगळ्या मांडवीला ऐकू जाईल अशी ओरडली.

"मेल्या! अरे मेल्या, कुठे होतास रे इतके दिवस? आयस हाय काय नाय, काय पडलीय तुला? मेल्या, जेवलास काय?"

आणि मग ती रडली. दीपाली रडली, दादू रिक्षाला टेकून रडला, आणि त्या रडण्यात सगळे हसत होते. पलीकडून संदेश घाबरून विचारत होता, "आये, काय झालं? तिथे कोण गेलं काय?" आणि गोदा दर शब्दाला त्याला मेल्या म्हणत होती. मेल्या, दाढी केलीस काय? मेल्या, बारीक झालास काय? मेल्या, तुझा मामा पेटी ठेवतोय तुझ्यासाठी. माझ्या छातीवरचा धोंडा असा उतरला की पाय हलके वाटायला लागले.

हे मात्र तिथेच जमिनीवर बसून होते. मी त्यांच्या शेजारी टेकले. म्हटलं, "काय हो सर, पोरगा जिता हाय नि आयस त्याला मेल्या म्हणते. हे कुठल्या व्याकरणात बसतं?"

ते गोदाकडे बघत होते. गाल ओले, नाक लाल. म्हणाले, "संबोधन."

"एवढंच?"

"हाक मारायची विभक्ती." मग जरा थांबून म्हणाले, "ह्यात मरण नाही, सुनंदा. हाक मारायला समोर माणूस जिवंत लागतो." मी सगळ्या गल्लीदेखत पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि चहा ठेवायला उठले.